सी भाषेतील ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’ची त्रुटी कशी दूर करावी

प्रोग्रॅम कंपाइल करताना ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन’ असा संदेश आला, तर वापरलेल्या फंक्शनची घोषणा त्या ओळीपूर्वी कंपायलरच्या वाचनात आलेली नाही, असे समजावे. सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणानुसार (स्टँडर्डनुसार) असे फंक्शन ‘इंट’, म्हणजे पूर्णांक, परत करते असे गृहीत धरले जाई. १९९९च्या प्रमाणाने ही सवलत काढून घेतली, तरी जीसीसी हा कंपायलर पुढे अनेक वर्षे केवळ इशारा देत राहिला. २०२४मधील १४व्या आवृत्तीपासून मात्र तो कंपाइल करणेच थांबवतो, आणि हा बदल योग्यच आहे.

प्रथम फंक्शनच्या नावाचे स्पेलिंग तपासावे. ते बरोबर असल्यास लिनक्सच्या टर्मिनलवर ‘मॅन ३’ आणि पुढे फंक्शनचे नाव लिहावे. उघडलेल्या पानावरील ‘सिनॉप्सिस’ या भागात आवश्यक हेडर (फंक्शनांच्या घोषणा असलेली फाइल) दिलेला असतो, तो फाइलच्या आरंभी इन्क्लूड करावा. फंक्शन स्वतः लिहिलेले असेल, तर त्याचा प्रोटोटाइप, म्हणजे घोषणेची ओळ, वापराच्या आधी द्यावा.

हेडर असूनही त्रुटी राहते, तेव्हा खरी कसोटी लागते. मजकुराची प्रत करून तिचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतील पत्ता, परत करणाऱ्या ‘स्ट्रडप’ या फंक्शनचे उदाहरण घ्या. ‘स्ट्रिंग डॉट एच’ इन्क्लूड केलेला असला, तरी प्रमाण निवडणारा कंपायलरचा ‘एसटीडी’ हा पर्याय ‘सी९९’ (१९९९चे प्रमाण) ठेवल्यास ग्लिबसी ही लायब्ररी ‘स्ट्रडप’ची घोषणा झाकून ठेवते, कारण ते फंक्शन त्या प्रमाणातले नसून पॉझिक्स या युनिक्ससदृश प्रणालींच्या प्रमाणातले आहे. जुना कंपायलर अशा वेळी इशारा देऊन पुढे जाई आणि ६४ बिटांचा पॉइंटर ३२ बिटांच्या ‘इंट’मध्ये कापला गेल्यामुळे प्रोग्रॅम चालताना, बहुधा भलत्याच ओळीवर, कोसळत असे. यावर उपाय म्हणून सर्व इन्क्लूडच्या आधी ‘पॉझिक्स सी सोर्स’ हा मॅक्रो, आरंभीच्या अंडरस्कोरसह आणि कॅपिटल अक्षरांत, ‘२००८०९एल’ या मूल्याने डिफाइन करावा किंवा ‘सी९९’ऐवजी त्याचे विस्तारित रूप ‘जीएनयू९९’ निवडावे. मूल्यासमोर कास्ट (प्रकार बदलण्याची खूण) लिहून इशारा दाबण्याचा मोह कटाक्षाने टाळावा; त्याने कापलेले बिट परत येत नाहीत.

‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे दिसल्यास हेडरची फाइलच सापडलेली नसते. डेबियन किंवा उबुंटूवर त्या लायब्ररीचे ‘डेव्ह’ने संपणारे पॅकेज बसवावे. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही तक्रार मात्र कंपाइल झालेले भाग जोडणाऱ्या लिंकरची असते आणि ती हेडर वाढवून सुटत नाही: ‘मॅथ डॉट एच’मधील फंक्शनांसाठी आदेशाच्या शेवटी ‘एलएम’ हा पर्याय डॅशसह जोडावा लागतो.