मोटरहोमच्या प्रवासात उतारवयात सायकल पुन्हा कशी सुरू करावी

मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन लांबच्या प्रवासाला निघालेल्या अनेक ज्येष्ठ जोडप्यांच्या गाडीमागे दोन सायकली बांधलेल्या असतात, आणि प्रवास संपला तरी त्या एकदाही खाली उतरलेल्या नसतात. याचे कारण बहुतेक वेळा हौस कमी पडली असे नसते. गाडी रोज नव्या गावी जात असेल, तर सायकल सोडवायची, तिच्यात हवा भरायची, अनोळखी रस्ता शोधायचा आणि संध्याकाळी ती पुन्हा बांधून ठेवायची, हा सारा खटाटोप अर्ध्या तासाच्या फेरीसाठी जड वाटतो. म्हणून ज्यांना वीस-तीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सायकल चालवायची आहे, त्यांनी पहिला निर्णय मुक्कामाचा घ्यावा आणि सायकलचा विचार त्यानंतर करावा. एका तळावर, म्हणजे मोटरहोम उभी करून मुक्काम करण्याच्या जागी, निदान चार-पाच दिवस राहायचे असे ठरवूनच प्रवास आखावा. पुढे दिलेली प्रत्येक पायरी या निर्णयावर उभी आहे.

निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा

हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, चक्कर येणे, हाडांचा ठिसूळपणा यांपैकी काहीही असेल, तर सायकल सुरू करण्याचा बेत डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावा. दोन औषधांबद्दल विशेष विचारणे आवश्यक आहे. रक्तदाब आणि हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्यांमुळे नाडीचे ठोके वाढायचे तेवढे वाढत नाहीत, त्यामुळे मनगटावरील घड्याळात दिसणाऱ्या आकड्यावरून श्रमाचा अंदाज चुकतो. आपण पूर्ण वाक्ये बोलू शकतो की धाप लागून शब्द तुटतात, ही कसोटी अशा वेळी अधिक विश्वासार्ह ठरते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की डोक्याला लागलेला मार वरवर किरकोळ वाटला, तरी आत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून असा मार लागल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

डोळ्यांकडे मात्र बरेच जण दुर्लक्ष करतात. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो आणि त्यातून पुढच्या चाकाजवळचा रस्ता धूसर दिसतो. खड्डा नेमका तिथेच असतो. केवळ दूरच्या नजरेचा वेगळा चष्मा करून घेणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

सायकल निवडताना शरीर आणि गाडी या दोघांचाही विचार करा

या वयात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सायकलवर चढणे आणि उतरणे, कारण अनेकदा तोल जातो तो चालवताना नव्हे, तर पाय मागून फिरवून टांग टाकताना किंवा थांबल्यावर उतरताना. मधला दांडा खाली झुकलेली सायकल स्त्री-पुरुष दोघांनीही निःसंकोच घ्यावी. जुन्या आठवणीमुळे आडव्या दांड्याची सायकल घेण्याचा मोह होतो. पण नितंबाचा सांधा आखडलेला असेल, तर ती निवड रोज त्रास देते. टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंदीचे असावेत, म्हणजे खडीच्या वाटेवरही चाक स्थिर राहते आणि मनगटांना हादरे कमी बसतात. घडीची सायकल गाडीच्या पोटातील सामानाच्या कप्प्यात मावते, हा तिचा मोठा गुण. परंतु १६ इंची चाकांना लहानसा खड्डाही जाणवतो आणि हँडल चंचल वाटते, म्हणून घडीचीच हवी असेल तर २० इंची चाकांची घ्यावी. तोल खरोखरच भरवशाचा उरला नसेल, तर प्रौढांसाठीच्या तीनचाकी सायकलीचा विचार करण्यात कमीपणा नाही. वळणावर ती दुचाकीसारखी झुकत नाही, म्हणून वळण्यापूर्वी वेग कमी करायला मात्र शिकावे लागते.

इलेक्ट्रिक सायकलबद्दल माझे मत स्पष्ट आहे. चढ आणि समोरचा वारा यांची धास्ती ज्यांना घरी बसवते, त्यांनी ती अवश्य घ्यावी. पॅडल मारावेच लागते, त्यामुळे व्यायाम बुडत नाही. पण तिचे वजन सहसा २० ते २५ किलो असते, आणि ते उचलून टांगायचे कोणी, हा प्रश्न विकत घेण्यापूर्वीच सुटला पाहिजे. देशोदेशीचे नियमही पाहावेत. युरोपीय संघात २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरला मोटरचे साहाय्य थांबवणारी सायकल साध्या सायकलीसारखीच मानली जाते; त्याहून वेगवान सायकलींना नोंदणी आणि विमा लागू शकतो.

वजनाचा हिशेब कागदावर करा

मोटरहोमच्या मागच्या भिंतीवर बसणाऱ्या, सायकली टांगण्याच्या रॅकची वजनमर्यादा बऱ्याचदा ५० ते ६० किलो असते, आणि दोन इलेक्ट्रिक सायकली ती सहज गाठतात. बॅटऱ्या काढून आत ठेवल्या, तर प्रत्येकी तीन किलोच्या आसपास भार कमी होतो. मात्र रॅकची मर्यादा पाळली म्हणजे काम झाले, असे नाही. मागच्या आसाच्या (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) पलीकडे टांगलेले वजन तरफेसारखे काम करते. समजा, दोन्ही आसांमधील अंतर चार मीटर आहे आणि रॅक मागच्या आसापासून दोन मीटर मागे आहे. तर ५० किलोच्या सायकलींमुळे मागच्या आसावर ७५ किलो भार वाढतो आणि पुढच्या आसावरचा २५ किलोने कमी होतो. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंगची पकड सैल पडते. म्हणून पाणी, सामान आणि सायकली भरून गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी आणि प्रत्येक आसाचे वजन वेगळे पाहावे.

खाच-खळग्यांवर गाडीचे शेपूट जास्त उसळते. त्यामुळे लहान मोटारींसाठी बनवलेला रॅक मोटरहोमला लावू नये. निर्मात्याने मोटरहोमसाठी योग्य म्हटलेलाच घ्यावा. सायकलीमुळे मागचे दिवे किंवा नंबरप्लेट झाकली जात नाही ना, सायलेन्सरची गरम हवा टायरवर येत नाही ना, हे पाहावे. इटली आणि स्पेनमध्ये गाडीच्या मागे बाहेर आलेल्या अशा सामानावर ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा परावर्तक फलक लावावा लागतो. पहिले दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळावेत. पट्टे सुरुवातीला सैल होतातच.

बॅटरीला वीज कुठून मिळणार?

सायकलची ५०० वॅट-तासांची बॅटरी गाडीतील १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरमार्फत पूर्ण भरायची, तर मधली तूट धरून सुमारे ५० अँपिअर-तास लागतात. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून साधारण निम्मेच वापरावेत असा संकेत असल्यामुळे, एका सायकलीची बॅटरी भरण्यातच रात्रीच्या दिव्यांची वीज संपते. तळावर विजेची जोडणी असेल तेव्हा किंवा गाडी चालू असताना सायकलींच्या बॅटऱ्या भरून घेणे उत्तम. चार्जर सायकलसोबत आलेलाच वापरावा, आपण जागे असतानाच भरावे, आणि थंडी शून्य अंशाखाली गेलेली असेल तर बॅटरी आधी आत आणून उबदार होऊ द्यावी, कारण गोठणाऱ्या थंडीत चार्ज केल्याने लिथियमच्या बॅटरीचे कायमचे नुकसान होते.

तळावरच पुन्हा शिका

पोहणे आणि सायकल एकदा आली की विसरत नाही, असे म्हणतात, आणि तोल सांभाळण्याच्या बाबतीत ते बरेचसे खरेही आहे. पण शरीराला तोल आठवतो तेवढ्या सहजपणे मानेची लवचिकता, बोटांची पकड आणि ब्रेक दाबण्याची तत्परता परत येत नाही. या गोष्टी पुन्हा कमवाव्या लागतात, आणि त्यासाठी तळाच्या आतील सपाट रस्त्यासारखी जागा नाही: सकाळी लवकर वर्दळ नसते, गाड्या आल्या तरी हळू चालतात, आणि आपले घर हाकेच्या अंतरावर असते.

आधी सायकल तपासावी. वर्षानुवर्षे उभी राहिलेली असेल, तर टायरच्या कडांना भेगा पडलेल्या असतात आणि ब्रेकचे रबर दगडासारखे कडक झालेले असते, दोन्ही बदलावेत. हवा किती भरायची, हे टायरच्या बाजूवर छापलेले असते.

पहिल्या दिवशी सीट इतकी खाली घ्यावी की बसल्या बसल्या दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतील. पॅडलवर पाय ठेवूच नये. पायांनी जमीन ढकलत पुढे जावे, मग दोन्ही पाय क्षणभर उचलून सायकल घरंगळू द्यावी. ही युक्ती सायकलीच्या जन्माइतकी जुनी आहे: १८१७ मध्ये कार्ल फॉन ड्राइस यांनी मानहाइममध्ये चालवलेल्या दुचाकीला पॅडलच नव्हते आणि ती अशीच ढकलत न्यावी लागे. या सरावाने भीती निम्मी होते, कारण पाय कधीही टेकता येतात, हे शरीराला पटते. नजर चाकाकडे न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे ठेवावी. सायकल नजरेमागे जाते. तोल एका बाजूला जाऊ लागला, तर हँडल हलकेच त्याच बाजूला वळवायचे असते. विरुद्ध बाजूला ओढले की पडायला होते.

घरंगळणे जमल्यावर निघण्याचा सराव करावा. दोन्ही ब्रेक दाबून धरावेत, एक पॅडल पुढे आणि थोडे वर आणून त्यावर पाय ठेवावा, ब्रेक सोडावेत आणि त्याच पायाने जोर देत सीटवर बसावे. गिअर हलका असावा. थांबताना वेग कमी करून नितंब सीटवरून पुढे सरकवावेत आणि एक पाय खाली टेकवावा. हे निघणे आणि थांबणे वीस-तीस वेळा करावे. कंटाळवाणे आहे खरे, पण चौकात सर्वांसमोर डळमळण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

ब्रेकबद्दल एक इशारा. भारत आणि ब्रिटनमध्ये पुढच्या चाकाचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, तर अमेरिकेत आणि युरोपच्या मुख्य भूमीवर तो डाव्या हाताला असतो. नेदरलँड्स, जर्मनी अशा देशांत पॅडल उलटे फिरवल्यावर लागणारा ब्रेकही आढळतो. परक्या देशात भाड्याने सायकल घेतल्यास रस्त्यावर जाण्यापूर्वी प्रत्येक ब्रेक हळू दाबून पाहावा.

आत्मविश्वास आला की सीट रोज थोडी वर घ्यावी. पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवल्यास पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पॅडलवर ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली राहिली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते, आणि फार वर गेली तर मागच्या बाजूला. हाताची बोटे बधिर होत असतील, तर हँडल उंच करून शरीराचा भार हातांवरून काढावा. शेवटी, खांद्यावरून मागे वळून पाहणे आणि एका हाताने इशारा देणे, या दोन गोष्टी सायकल सरळ रेषेत ठेवून जमेपर्यंत तळाबाहेर जाऊ नये. मान वळत नसेल तर हँडलला आरसा लावावा.

पहिले काही आठवडे

एक दिवसाआड पंधरा मिनिटे, एवढ्यापासून सुरुवात पुरेशी आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. तिथपर्यंत दीड-दोन महिन्यांत पोहोचले तरी चालेल. जड गिअर रेटत न बसता हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ६० ते ८० फेरे मारावेत, म्हणजे गुडघे वाचतात. सायकलवर शरीराचे वजन सीट पेलते, ही सांध्यांसाठी चांगली गोष्ट आहे. पण त्याच कारणामुळे हाडांना मिळायला हवा तो ताण मिळत नाही, म्हणून चालणे सोडू नये. दिवसभर गाडी चालवून तळावर पोहोचल्यावर लगेच सायकल काढू नये, आधी दहा मिनिटे पायी फिरावे. वयाबरोबर तहान उशिरा जाणवते, त्यामुळे ती लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. आणि समुद्रकाठावरून दोन दिवसांत दोन हजार मीटरच्या वर पोहोचला असाल, तर तिथले पहिले दोन-तीन दिवस सायकलला विश्रांती द्यावी.

मुक्काम सायकलसाठी निवडा

टेकडीच्या माथ्यावरचा तळ दृश्यासाठी सुंदर असतो, पण सायकलस्वाराला दमलेल्या पायांनी परत चढावे लागते. नदीकाठ, कालव्याची वाट आणि रूळ काढून टाकलेले जुने लोहमार्ग हे उत्तम. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नसल्यामुळे त्या वाटा जवळजवळ सपाट असतात. अमेरिकेतील मिसुरी राज्यातला सुमारे ३८५ किलोमीटरचा केटी ट्रेल आणि न्यूझीलंडमधला १५२ किलोमीटरचा ओटागो सेंट्रल रेल ट्रेल अशाच मार्गांवर आहेत. ते पूर्ण करण्याची गरज नाही. एका तळावरून आज पूर्वेला पाच किलोमीटर, उद्या पश्चिमेला सात, एवढ्यानेही ओळख होते.

हेल्मेट भुवईच्या दोन बोटे वर, सपाट बसेल असे घालावे. खिशात तळाचे नाव, आपल्या जागेचा क्रमांक, जवळच्या माणसाचा दूरध्वनी आणि औषधांची यादी लिहिलेला कागद असावा, कारण रोज बदलणारा पत्ता घाबरलेल्या क्षणी आठवत नाही. गाडीत मागे राहणाऱ्याला कोणत्या वाटेने जातो आणि केव्हा परतणार, हे सांगून निघावे. निघताना वारा तोंडावर घ्यावा, म्हणजे येताना तो पाठीशी राहतो. आणि ठरवलेल्या वेळेचा एक तृतीयांश भाग संपला की, वाट कितीही छान असली तरी, सायकल तळाकडे वळवावी.