द्राक्षाच्या साबणावरचे नारिंगी ठिपके

नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद, म्हणजे गुलाबांचं गाव. आता आपली ओळख द्राक्षांची. २०१७ साली घरी साबण करायचं मनात आलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दोनच वड्या होत्या: एक गुलाबाची, एक द्राक्षाची. या दोन्ही वड्या पहिल्याच वर्षी फसल्या. त्या का फसल्या हे शोधता शोधता मला हा धंदा कळला. हल्ली ओळखीतल्या मुली फोन करतात, "ताई, मलाही साबण करायचाय, कुठून सुरुवात करू?" प्रत्येकीला तेच सांगते, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी सोड्याची भीती आणि सोड्याबद्दलचे गैरसमज दोन्ही काढून टाका. तेल आणि कॉस्टिक सोडा यांची अभिक्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. सोड्याशिवाय साबण होत नाही. बाजारात 'मेल्ट अँड पोअर' नावाचा तयार ठोकळा मिळतो, तो वितळवून साच्यात ओतला की झालं. त्यात सोडा नसतो असं वाटतं, पण ते काम कारखान्यात आधीच उरकलेलं असतं. या ठोकळ्यावर हात बसवायला काहीच हरकत नाही. फक्त तो विकताना "मी तेलापासून केलेला" असं सांगू नका. आणि 'केमिकल-फ्री' हा शब्द लेबलवर अजिबात नको. पाणीसुद्धा रसायनच आहे, आणि आपण सोडा वापरलाय हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

आता मापं. प्रत्येक तेलाला साबण व्हायला वेगवेगळा सोडा लागतो. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण १८.३ ग्रॅम, ऑलिव्हला १३.५ ग्रॅम, एरंडेलाला १२.८ ग्रॅम. माझी सुरुवातीची कृती १ किलो तेलाची: ऑलिव्ह ६००, खोबरेल ३००, एरंडेल १००. गणित केलं की सोडा १४८.७ ग्रॅम येतो. त्यातला ५ टक्के कमी धरायचा, म्हणजे थोडं तेल साबण न होता मागे राहतं आणि कातडी कोरडी पडत नाही. याला सुपरफॅट म्हणतात. सोडा झाला १४१ ग्रॅम, पाणी त्याच्या दुप्पट.

एकदा घरात खोबरेल कमी पडलं. २०० ग्रॅम खोबरेलाच्या जागी मी ऑलिव्ह घातलं आणि सोडा तेवढाच ठेवला. तेलाचं एकूण वजन तर तेच होतं, मग काय बिघडणार, असं मला वाटलं. खरं तर त्या नव्या मिश्रणाला सगळा मिळून १३९ ग्रॅम सोडा पुरला असता, आणि मी घातला होता १४१. पाच टक्क्यांची सवलत गेलीच, वर दोन ग्रॅम सोडा मोकळा राहिला. तीन आठवड्यांनीही वडीला जिभेचं टोक लावलं की झिणझिण्या येत. पूर्ण घाणा टाकून दिला. तेव्हापासून तेलाचा थेंब बदलला तरी हिशेब पुन्हा मांडते. इंटरनेटवर यासाठी फुकट गणकयंत्रं आहेत, ती वापरा. आणि १ ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा पहिल्या दिवशीच घ्या. वाटी-चमच्याच्या मापाने साबण होत नाही.

सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. ते उसळून अंगावर येतं. जर्मनचं पातेलं वापरू नका. अ‍ॅल्युमिनियमशी सोड्याची अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि भांडं खाल्लं जातं. स्टील किंवा जाड प्लास्टिकच चालतं. डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे, खिडकी उघडी, लहान मूल दुसऱ्या खोलीत. हातावर उडालंच तर व्हिनेगर शोधत बसू नका, नळाखाली बराच वेळ हात धरा. आणखी एक: पावसाळ्यात सोडा हवेतलं पाणी ओढतो आणि त्याचे गठ्ठे होतात. मग १४१ ग्रॅम मोजलेल्यात खरा सोडा कमी भरतो. म्हणून लहान पुडे घ्या आणि डबा घट्ट लावा.

आता द्राक्षाकडे येते. माझ्या माहेरच्या बाजूला, निफाडकडे, सगळ्यांच्या बागा. द्राक्षबियांचं तेल हलकं, पटकन अंगात मुरणारं. मी पहिल्या घाण्यात ४० टक्के तेच घातलं. वडी सुरेख झाली. ओळखीच्या वीसेक बायकांना दिली. जुलै-ऑगस्टात एकेकीचा फोन यायला लागला: साबणावर नारिंगी ठिपके पडलेत, जुन्या तेलाचा वास येतोय. मी घरोघरी जाऊन वड्या परत आणल्या, प्रत्येकीला दुसरा साबण दिला. त्या आठवड्यात मला फार वाईट वाटलं. आपल्या गावाचं नाव घेऊन आपण खवट साबण वाटला, हे मनातून जात नव्हतं.

कारण साधं होतं. द्राक्षबियांच्या तेलात लिनोलेइक आम्लाचं प्रमाण खूप असतं आणि ते हवेतल्या ऑक्सिजनने लवकर खराब होतं. साबणात जे तेल मोकळं राहतं तेही खवट होतं. त्यात पावसाळ्याची दमट हवा. सूर्यफुलाच्या तेलाचंही असंच होतं. खोबरेल आणि ऑलिव्ह मात्र टिकतात. म्हणून नवख्या मुलींना मी सांगते, साबणाचा पाया टिकाऊ तेलांचा ठेवा, आणि नाजूक तेल घालायचंच तर ५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका.

गुलाबाचं दुःख वेगळं. पंचवटीतून टोपलीभर पाकळ्या आणल्या, सावलीत वाळवल्या, साबणात पेरल्या. दोन दिवसांत सगळ्या काळपट तपकिरी झाल्या. ताज्या साबणाचा क्षार बहुतेक फुलांचा रंग मारतो. रंग हवा असेल तर काष्ठौषधींच्या दुकानात जा. तिथे मंजिष्ठा मिळते, ती साबणात गुलाबीपासून जांभळटपर्यंत छटा देते. रतनजोतीने जांभळा-निळसर रंग येतो. हळद घातली की आधी लालभडक दिसते, घाबरू नका, हळूहळू केशरी-पिवळी होते. कडुनिंबाच्या पुडीचा हिरवा रंग मात्र काही महिन्यांत तपकिरी होतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. आणि वास? खऱ्या गुलाबाच्या अर्काची किंमत ऐकली तर तो साबणात धुऊन घालवायची हिंमत होणार नाही. दोनशे-तीनशे रुपयांत जे 'रोझ ऑइल' मिळतं ते कृत्रिम सुगंध असतं. ते वापरा, पण लेबलवर 'सुगंध' असंच लिहा. मी गवती चहाच्या तेलावर आले. ते परवडतं, साबणात बऱ्यापैकी टिकतं आणि लोकांना आवडतं. दालचिनी आणि लवंगेच्या तेलापासून सुरुवातीला लांब राहा. ती कातडीला झोंबतात, शिवाय मिश्रण भांड्यातच दगडासारखं घट्ट होतं.

थंडीचं एक सांगायला हवं. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि आपल्याकडच्या जानेवारीत तर स्वयंपाकघरातसुद्धा थिजलेलं असतं. एकदा गार तेलात सोड्याचं पाणी घातलं, ब्लेंडर फिरवला, मिश्रण झटकन दाट झालं. मला वाटलं जमलं. सकाळी साच्यात खाली सोड्याचं पाणी सुटलेलं होतं. ती दाटी साबणाची नव्हतीच, थिजलेल्या तेलाची होती. तेव्हापासून तेल आणि सोड्याचं पाणी दोन्ही ३५-४० अंशांवर असल्याशिवाय एकत्र करत नाही. थर्मामीटर दोनशे रुपयांत येतो.

साच्यातून काढून कापलेली वडी लगेच विकायची नाही. चार ते सहा आठवडे हवेशीर मांडणीवर, एकमेकींना न चिकटता ठेवायची. पाणी उडतं, वडी कडक होते, फेस चांगला येतो आणि न्हाणीघरात ती लवकर विरघळत नाही. वजनही घटतं, म्हणून वेष्टनावर लिहायचं वजन हे मांडणीवरून उतरवल्यानंतरचं. यामुळे आमचं पंचांगच वेगळं असतं. दिवाळीच्या वड्या श्रावणात करायला लागतात आणि श्रावणात हवा दमट असते, म्हणून मी तेव्हा आठ आठवडे धरते. संक्रांतीच्या वाणाच्या वड्या नोव्हेंबरात. "ताई, पुढच्या रविवारी हळदीकुंकू आहे, पन्नास नग हवेत," असं कुणी म्हटलं आणि माल तयार नसला, तर मी सरळ नाही म्हणते. सुरुवातीला हे जड जातं. तरीही कच्ची वडी देऊ नका.

आता परवाना. हा भाग कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. "साबणाला कसला परवाना?" असं जुनी माणसं म्हणतात, त्याला कारण आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनांच्या व्याख्येतून साबण आधी वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. आज सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत, आणि विक्रीसाठी साबण, उटणं, लिप बाम काहीही करायचं तर अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. घरचं स्वयंपाकघर त्या निकषांत बसत नाही. कामावर देखरेख करणारी व्यक्तीही पात्र लागते, जसं औषधनिर्माणशास्त्राची पदविका असलेली किंवा रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली. पहिलं दीड वर्ष मी हे माहीत नसताना ओळखीत साबण दिले. ती चूक होती, तुम्ही करू नका.

छोट्या माणसाला वाट आहे ती लोन लायसन्सची. नाव ऐकून कर्ज वाटतं, पण त्याचा अर्थ असा की परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात, तिथली जागा आणि यंत्रं वापरून, आपण आपल्या परवान्यावर माल बनवायचा. मी अंबडच्या एका छोट्या युनिटमध्ये आठवड्यातून दोन दिवस जाते, माझी मांडणीही तिथेच आहे. घरी फक्त प्रयोग, आणि ते घरच्यांच्या अंगालाच लागतात. वेष्टनावर घटक, निव्वळ वजन, एमआरपी, घाणा क्रमांक, तारखा, परवाना क्रमांक आणि पत्ता हे सगळं लागतं. 'आयुर्वेदिक' म्हणायचं असेल तर परवाना वेगळा. 'इसब बरा होतो', 'मुरमं जातात' असं लिहिलंत की तुम्ही औषधाचा दावा केलात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट असते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. भांडवलासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. सुगंधाचं शास्त्रशुद्ध शिक्षण हवं असेल तर कन्नौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्राचे अभ्यासक्रम असतात.

पैशांचा हिशेब मला माझ्या जाऊबाईंनी शिकवला. एका घाण्यात तेरा वड्या निघत. माझ्या वहीत लिहिलं होतं: साहित्य ३२ रुपये, कागद-खोकं-लेबल ९, एकूण ४१. मी ६० ला विकत होते आणि १९ सुटतात म्हणून खूश होते. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, कॉलेज रोडच्या दुकानात ठेवशील तेव्हा तो किती कापून घेईल?" दुकानदार ३५ टक्के मागत होता. म्हणजे माझ्या हातात ३९, दर वडीमागे दोन रुपये खिशातून. आणि त्या ४१ मध्ये माझी मजुरी, डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावरच्या प्रदर्शनाचं भाडं, फसलेले घाणे, काहीच धरलेलं नव्हतं. त्यांनी वही घेतली आणि पहिल्या रकान्यात 'तुझे तास' असं लिहिलं. आज वडी १४० ला आहे. भाव वाढवल्यावर काही गिऱ्हाइकं गेली, पण राहिली ती दर दोन महिन्यांनी येतात.

क्रीम आणि लोशनच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. पाणी आणि तेल एकत्र आलं की त्यात बुरशी आणि जंतू वाढतात, ते डोळ्यांना दिसतीलच असं नाही. घरच्या कोरफडीचा ताजा गर घालून केलेलं क्रीम तर दोन-चार दिवसांतच बिघडतं. योग्य परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) आणि प्रयोगशाळेतली तपासणी याशिवाय ते कुणाच्या चेहऱ्याला लावायला देऊ नये. साबणाबरोबर दुसरं काही हवंच तर उटणं करा, त्यात पाणीच नसतं. आमच्या सासूबाईंचं प्रमाण आहे: नागरमोथा, वाळा, गवला कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल, मसूर. सगळं खडखडीत वाळलेलं, बारीक दळून वस्त्रगाळ केलेलं. गेल्या दिवाळीत प्रदर्शनात पहिल्या दिवशी उटणंच संपलं.

विकताना एक प्रश्न नक्की विचारा: "तुमच्याकडे पाणी कुठलं?" बोअरच्या जड पाण्यात ऑलिव्हचा साबण फेस देत नाही, बादलीला पांढरा थर धरतो, आणि दोष साबणाला लागतो. त्या घरांसाठी मी जास्त खोबरेलाची वेगळी वडी ठेवते.

द्राक्षाचा नाद सुटला नाही. नोव्हेंबरात हवा कोरडी झाली की एक घाणा करते, द्राक्षबियांचं तेल ५ टक्के, ताजं, लहान बाटलीतलं. त्या खोक्यावर पुढे द्राक्षाचा घड छापलेला नाही. मागच्या बाजूला घटकांची नावं उतरत्या प्रमाणात दिली आहेत: ऑलिव्ह, पाणी, खोबरेल, सोडा, मग एरंडेल, मग द्राक्षबियांचं तेल, आणि शेवटी गवती चहा.