नवे ब्रेक पॅड टाकले आणि ब्रेकच बिघडला? आधी हे बघा

नवी मुंबईत ऐरोलीला सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढचे पॅड मी स्वतःच बदलले, टायर लावले, रिव्हर्स टाकला आणि पेडल सरळ तळाला. हँडब्रेक ओढला म्हणून मागची भिंत वाचली. चूक माझीच, पॅड बसवताना, त्यांना डिस्कवर दाबणारा पिस्टन आत ढकललेला असतो ना, तो परत येऊन पॅडला टेकेपर्यंत ब्रेक लागतच नाही. म्हणून गाडी हलवायच्या आधी उभ्या उभ्या पेडल पंप करा, कडक होईपर्यंत, मग ब्रेक ऑईल मिन-मॅक्सच्या मध्ये आहे का बघा.

एवढं करूनही पेडल स्पंजसारखं लागतंय तर लाईनमध्ये हवा आहे, एअर काढून घ्या. पाय दाबून धरला तरी हळूहळू खालीच जातंय? मग लीक असेल नाहीतर मास्टर सिलिंडर (पेडलमागचा ऑईलचा पंप) गेलाय, अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

गाडी एका बाजूला खेचते किंवा एकच रिम तापते, हे आपल्याकडे खाडीच्या हवेने आणि पावसाने जास्त होतं, कारण कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर आवळणाऱ्या पकडीच्या) पिना गंजून अडकतात आणि लोक मात्र नव्या पॅडलाच शिव्या घालतात. आठ-दहा किलोमीटर चालवून आल्यावर दोन्ही पुढच्या रिमजवळ हात नेऊन बघा (डिस्कला हात लावू नका, भाजेल). जे चाक जास्त गरम ते जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, चाक हाताने फिरवा. हलकं घासलं तर चालतं, जाम असेल तर पिना काढून साफ करा आणि ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिना परत अडकतात. पिना मोकळ्या असूनही जाम असेल तर पिस्टन किंवा ब्रेक ऑईलचा होस पाईप अडकलाय, ते काम गॅरेजवाल्याचं. पॅडला ऑईल-ग्रीस लागलं असेल तर धुवत बसू नका, दोन्ही बाजूंचे नवे घ्या.

नुसती किरकिर असेल तर बहुतेक वेळा पॅड अजून डिस्कवर बसलेले नसतात. रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या स्पीडवरून दहापर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं चालवून थंड होऊ द्या. पाम बीच रोडवर रविवारी सकाळी हे नको, सायकलवाले असतात. लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर मात्र लगेच थांबा आणि चाक उघडा.

पेडल थरथरतंय तर डिस्क झिजलीय का मोजून बघा, कमीत कमी किती जाडी हवी ते तिच्यावरच छापलेलं असतं.

आणि ट्रायल आधी कंपाउंडमध्ये, चालायच्या स्पीडने. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा गायमुखचा उतार पहिल्याच दिवशी नको.