आराखड्यातली शीर्षकं उचलून दुसरीकडे लावताना पातळी कशी सांभाळाल?

दिवाळी अंकाचा लेख असो की सोसायटीच्या वार्षिक सभेची टिपणं, मजकूर वाढला की आधी केलेली मांडणी बदलावीशी वाटतेच. त्यासाठी ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममधला ऑर्ग मोड चांगला. कार्स्टन डॉमिनिक यांनी तो २००३ मध्ये तयार केला, तो मोफत आहे आणि ईमॅक्ससोबतच येतो. फाइल साधी मजकुराची असते. ओळीच्या सुरुवातीला जितक्या चांदण्या, तितकं शीर्षक खोल. चांदण्यांनंतर एक जागा मोकळी सोडायची, नाहीतर ते शीर्षक धरलं जात नाही.

समजा, मुंबईच्या लोकलवरच्या लेखाचा हा घाईत केलेला आराखडा आहे:

```
* मुंबईची लोकल
** मध्य रेल्वे
*** १८५३ : बोरीबंदर ते ठाणे
*** हार्बर मार्ग
*** १९९६ : व्हीटीचं नाव बदललं
** पश्चिम रेल्वे
*** १९३० : कुलाबा स्टेशन बंद
*** १९२८ : कुलाबा–बोरिवली विजेवर
** १९२५ : विजेवरची पहिली गाडी
*** ३ फेब्रुवारी, व्हीटी ते कुर्ला
```

सोपं काम आधी. १९३० हे १९२८ च्या आधी आलंय. १९३० च्या ओळीवर कर्सर ठेवून ऑल्ट आणि खालचा बाण दाबा. शीर्षक पोटातल्या मजकुरासकट एक घर खाली सरकेल. हा बाण शीर्षकाला त्याच्या भावंडांमध्येच फिरवतो, पश्चिम रेल्वेतून मध्य रेल्वेत नेत नाही.

खरी गंमत १९२५ ची. ती गाडी हार्बर मार्गावर धावली, म्हणून ती नोंद तिथे हवी. नेहमीसारखं कापून हार्बरच्या खाली कंट्रोल-वायने चिकटवलं, तर तिच्या दोन चांदण्या तशाच येतात. मग लगेच खालचं तीन चांदण्यांचं ‘१९९६’ मुकाट्याने तिच्या पोटात जातं, आणि व्हीटीचं नामांतर विजेच्या गाडीचा उपविभाग होऊन बसतं. पडद्यावर काही बिघडल्यासारखं दिसत नाही, म्हणूनच ही चूक छपाईपर्यंत टिकते.

त्याऐवजी असं करा:

१. १९२५ च्या ओळीवर जाऊन कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-डब्ल्यू दाबा. शीर्षक आणि त्याखालचं सगळं एकत्र कापलं जातं. मूळ जागेवरही ठेवायचं असेल, तर शेवटी कंट्रोलऐवजी ऑल्ट-डब्ल्यू.

२. ‘हार्बर मार्ग’च्या खाली नवी ओळ घ्या. तिथे चार चांदण्या आणि एक मोकळी जागा टाइप करा, आणि कर्सर तिथेच राहू द्या.

३. आता कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-वाय. १९२५ चौथ्या पातळीवर बसतं, ३ फेब्रुवारीची नोंद आपोआप पाचव्यावर जाते.

चांदण्या न लिहिताही ही आज्ञा चालते. तेव्हा ती आसपासची शीर्षकं पाहून पातळी ठरवते, आणि त्यांतल्या जास्त खोल शीर्षकाच्या जोडीला नवं बसवते. म्हणजे इथे १९२५ हार्बरच्या पोटात न जाता त्याच्या शेजारी आलं असतं. मी तरी चांदण्या लिहून मोकळा होतो, अंदाज यंत्रावर सोडत नाही.

जागा बरोबर आहे, फक्त खोली चुकली आहे, अशा वेळी कापाकापी कशाला? ऑल्ट-शिफ्ट आणि उजवा बाण अख्खी फांदी एक पायरी आत ढकलतो, डावा बाहेर काढतो. शिफ्ट विसरलात तर एकटं शीर्षक हलतं आणि पोरं जागच्या जागी राहतात. उद्या हाच लेख ‘मुंबईची वाहतूक’ या मोठ्या शीर्षकाखाली, १९६४ मध्ये बंद झालेल्या ट्रामच्या शेजारी न्यायचा ठरला, तर ही कळ फार उपयोगी पडते.

बाहेरून आणलेल्या मजकुरात चांदण्या नसतात. अशा ओळी निवडून कंट्रोल-सी आणि मग चांदणी दाबली, की त्या शीर्षकं होतात.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. संगणकाचा कीबोर्ड मराठीवर असताना या कळा अनेकदा चालत नाहीत, कारण ईमॅक्सला ‘सी’ऐवजी देवनागरी अक्षर मिळतं. कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवा आणि मराठी ईमॅक्सच्या आतून लिहा. कंट्रोल-बॅकस्लॅशने ते सुरू-बंद होतं. पहिल्यांदा पद्धत विचारली जाईल, तेव्हा इनस्क्रिप्ट येत असेल तर ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ निवडा, रोमन अक्षरांतून लिहायची सवय असेल तर ‘देवनागरी-आयट्रान्स’.

दुसरी गोष्ट क्रमवारीची. वरच्या शीर्षकावर कर्सर ठेवून कंट्रोल-सी आणि टोपीचं चिन्ह (^) दाबलं, की त्याखालची उपशीर्षकं क्रमाने लावता येतात. पण त्यातला ‘एन’ हा आकड्यांचा पर्याय फक्त इंग्रजी अंक ओळखतो. ‘१९२८’ त्याच्या लेखी शून्य! वर्षं देवनागरीत लिहिली असतील, तर अक्षरक्रमाचा ‘ए’ पर्याय घ्या.