कथेतल्या पात्राला बालमित्राचं नाव कसं द्यायचं

कथा लिहायला बसलं की पहिलं नाव डोक्यात येतं ते बेंचवरच्या दोस्ताचं, आणि ते द्यावंच असं माझं मत आहे, कारण ज्या नावाने आपण त्याच्या दारात उभं राहून रोज हाका मारल्यात ते नाव लिहिताना खोटं वाटत नाही. फक्त आधी एक ठरवा. त्याचं नाव घेणार की त्याचं आयुष्य? दोन्ही एकदम नको.

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८२४ साली लंडनच्या बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला होता, वय फक्त १२. तिथे बॉब फॅगिन नावाच्या मुलाने त्याला काम शिकवलं, एकदा कुशीत कळ आली तेव्हा पॉलिशच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून अर्धा दिवस शेकलं. आणि पुढे 'ऑलिव्हर ट्विस्ट' कादंबरीत पोरांना चोऱ्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव काय ठेवलं, तर फॅगिन! मला हे अजूनही लागतं. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने उलटं केलं, आपल्या हॅनिबल गावातल्या बालमित्राचा, टॉम ब्लँकनशिपचा स्वभाव उचलला आणि पात्राला नाव दिलं हकलबरी फिन.

तर सुरुवात अशी करा, मित्राला कोण काय म्हणायचं ते कागदावर लिहा, हजेरीतलं, घरातलं, मैदानावरचं. चिडवायचं नाव लगेच खोडा, त्याला ते तेव्हाही आवडत नव्हतं.

मग आडनाव बदला. हे टाळूच नका, आपल्याकडे आडनावावरून लोक गाव, जात, भावकी सगळं शोधून काढतात.

नंतर पात्राचं घर वेगळं करा, म्हणजे वडिलांचा धंदा, भावंडं, गाव. त्याच्या घरातली भांडणं, दारू, कर्ज यातलं काहीही त्या नावाखाली येऊ देऊ नका, आणि व्हिलनला तर ते नाव नकोच.

छापायला द्यायच्या आधी फोन करा, मेसेज नको. मित्र आता नसेल तर त्याच्या घरी जाऊन विचारा. नाही म्हणाले तर नाव बदला, पण फाइंड-रिप्लेसवर विसंबू नका, संजय बदलला तरी संज्या तसाच राहतो, सगळं एकदा वाचून काढा.

मी फोन केला तेव्हा माझ्या मित्राने पूर्ण कथा ऐकून घेतली, मग म्हणाला नाव ठेव, फक्त सायकल माझीच दे, कॅरिअर तुटलेली. तेवढी दिली.