गाडीआधी केसपेपर पोचावा म्हणून

कारागृहाचा दवाखाना आणि सरकारी इस्पितळ यांचे संगणक जोडायचे ठरले, की बैठकीत पहिला विषय सॉफ्टवेअरचा निघतो. तो थोडा बाजूला ठेवा आणि आधी औषधांची यादी हातात घ्या. मी बरीच वर्षं सरकारी औषधखिडकीवर काढली आहेत. फिट येणारा एक कच्चा कैदी एस्कॉर्टबरोबर तिथे यायचा. इस्पितळाच्या कागदावर त्याचं फेनिटॉइन एका कंपनीच्या नावाने लिहिलेलं, आतल्या वहीत तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने. दोन्ही गोळ्या चालू राहिल्या. त्याचा तोल जायला लागला, जीभ जड झाली, आणि आठवडाभर सगळे म्हणत राहिले की पोरगा नाटक करतो. दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. म्हणून दोन्हीकडे औषध मूळ नावानेच लिहायचं ठरवून घ्या. सोबत मिलिग्रॅम, वेळा आणि शेवटचा डोस कधी दिला ते हवं. थांबवलेलं औषध यादीतून नुसतं पुसू नका. कुणी थांबवलं, कधी आणि का, हे दिसलं पाहिजे. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, हे सगळ्यांत वर.

मग माणसाची ओळख. कैदी क्रमांक वेगळा, ओपीडीचा क्रमांक वेगळा, आणि आपल्या गोव्यात आडनावांचं स्पेलिंग तिसरंच. नाईक कुणी ‘के’ने लिहितो, कुणाच्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या कागदावर ‘क्यू’ असतो. नुसत्या नावावर दोन नोंदी जोडू नका. जन्मतारीख आणि वडिलांचं नाव ताडून बघा. आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा १४ आकडी क्रमांक, असला तर उत्तमच. पण तो काढताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो मोबाइल बहुधा घरी असतो किंवा जप्त झालेला असतो. आभा नाही म्हणून कुणाची नोंद अडणार नाही, हे लेखी करून घ्या.

आता कुठली माहिती कुणाला, हे ठरवा. यावर हवा तेवढा वेळ घालवा. ई-प्रिझन्स ही तुरुंगांची संगणक प्रणाली आयसीजेएस या सामायिक जाळ्यामार्फत पोलीस आणि न्यायालयांच्या प्रणालींशी जोडलेली आहे. तिथल्या शेऱ्याच्या रकान्यात रोगाचं नाव टाकलं तर ते कुठवर दिसेल, हे आधी विचारून घ्या. एस्कॉर्टच्या शिपायाला ‘उपाशीपोटी आणा’, ‘मास्क लावा’, ‘बसवून न्या’ एवढं कळलं की पुरे. उलट बाजूने डॉक्टरांना गुन्ह्याचं कलम कळायची गरज नाही. एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा सांगतो की काही ठरावीक अपवाद सोडले तर माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही. मानसिक आजाराच्या माहितीची गुप्तताही २०१७ च्याच मानसिक आरोग्य कायद्यात आहे. आयपीएचबीत, म्हणजे बांबोळीच्या मनोरुग्णालयात, जाणाऱ्या बंद्यांच्या नोंदी म्हणूनच वेगळ्या कुलपात ठेवा आणि कुणी कधी उघडल्या याची नोंद आपोआप होऊ द्या.

संमती घेताना शिपाई ऐकू येणार नाही इतका लांब उभा हवा. कोंकणी, मराठी, हिंदी, जी भाषा त्या माणसाची असेल तिच्यात समजावून सांगा. ‘नाही’ म्हटलं तरी उपचार चालूच राहतील, हे वाक्य अर्जावर छापा आणि तोंडानेही सांगा. कोठडीतला माणूस सहीला सहसा नकार देत नाही, म्हणून जास्त जपून विचारायचं.

कोलवाळच्या कारागृहाहून म्हापशाचं जिल्हा इस्पितळ जवळ आहे. गोमेकॉसाठी (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) मात्र मांडवी ओलांडून बांबोळीला जावं लागतं, आणि एस्कॉर्ट न मिळाल्याने तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. तेव्हा तपासणीची तारीख आणि तपासण्यांचे अहवाल दोन्ही बाजूंना दिसू द्या, म्हणजे नुसत्या अहवालासाठी गाडी काढायला नको.

सगळ्यांत जास्त तयारी सुटकेच्या दिवसाची करा. सर्वोच्च न्यायालयाचे जामिनाचे आदेश तातडीने, सुरक्षितपणे तुरुंगापर्यंत पोचावेत म्हणून ‘फास्टर’ ही प्रणाली ३१ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. आदेश वेगाने येतो, संध्याकाळी फाटक उघडतं, आणि माणूस हातात एकही गोळी नसताना बाहेर पडतो. क्षयाचे उपचार सहा महिने आणि कधी त्याहून जास्त चालतात, एचआयव्हीची औषधं, म्हणजे एआरटी, तर आयुष्यभर. इन्सुलिनला एक दिवसाचीही सुट्टी नसते. म्हणून सुटकेची नोंद होताच दवाखान्याला सूचना जाईल अशी सोय करा. निदान दोन आठवड्यांच्या गोळ्यांची पिशवी नाव घालून आधीच भरलेली असू द्या. क्षयरुग्णाची नोंद निक्षय या सरकारी क्षय-नोंदणी पोर्टलवर त्याच्या गावाजवळच्या केंद्राकडे त्याच दिवशी वळवा. सारांशाचा एक कागद त्याच्या हातात द्या, कारण ती माहिती त्याची आहे. बंद्यांना कसं वागवावं याच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतही बंद्याला आपली वैद्यकीय नोंद बघू द्यावी आणि बदलीच्या वेळी ती पुढच्या संस्थेत पोचावी, असं म्हटलं आहे.

पावसाळ्यात वीज जाते, नेटही जातं. छापलेल्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा दोन्हीकडे ठेवा आणि लाइन आल्यावर ते कुणी चढवायचे त्याचं नाव भिंतीवर लावा. शेवटी एका खोट्या नावाने रुग्ण तयार करून त्याला पूर्ण फेरी मारायला लावा: दाखल, ओपीडी, औषधबदल, रात्री आठ वाजता सुटका. त्या रात्री ड्युटीवर असेल त्यालाच हे करू द्या. मुख्य डॉक्टर शेजारी बसून सांगणार असतील तर ती चाचणी धरू नका.