उन्हाळ्यात गाय भरवताय (कृत्रिम रेतन करताय)? आधी वीर्याच्या कांडीवरचा वळू नंबर बघा

ऊन तापलं की एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी जात) गायी धापा टाकतात, दूध उतरतं, माज मुका होतो म्हणजे लक्षणं नीट दिसत नाहीत, गाय उलटायला लागते म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही आणि मग आपण डॉक्टरला नाहीतर कांडीला दोष देतो. पण बऱ्याचदा कारण दोन-तीन पिढ्यांआधी आपणच करून ठेवलेलं असतं.

हिशेब बघा. गीर गायीला एचएफ भरली की कालवड 50 टक्के एचएफ, तिला परत एचएफ भरली की 75, तिच्या कालवडीला परत तेच म्हणजे 87.5. आमच्याकडं अशीच एक होती, हिवाळ्यात 22 लिटरला जायची आणि मे महिन्यात 12 वर यायची, वर सलग चार वेळा उलटली, पंखे लावले, मिनरल मिक्श्चर दिलं, फरक पडला पण थोडाच. आपल्या हवेत विदेशी रक्त 50 ते 62.5 टक्क्यांपर्यंतच ठेवा असं तज्ज्ञ उगाच सांगत नाहीत. म्हणून 75 टक्केवाल्या गायीला आता 50 टक्क्यांचा संकरित वळू लावा, पुढची कालवड 62.5 वर येते.

दुसरं, नुसतं दूध बघून वळू निवडू नका. दूध आणि गाभण राहणं ही दोन्ही एकमेकांना ओढतात, एक वाढवलं की दुसरं घसरतं, अमेरिकेतल्या होल्स्टीनमध्ये हे वर्षानुवर्षं दिसलंय. तिथला चीफ नावाचा वळू 1962 चा, मुली दुधाला इतक्या जबरदस्त की त्याची कांडी जगभर गेली, 16 हजार मुली झाल्या. पुढं कळलं की त्याच्या रक्तात एक दडलेला दोष होता, आईबाप दोघांकडूनही तो वासराला मिळाला की गर्भ पोटातच मरतो. गोठ्यात आपल्याला दिसतं फक्त एवढंच की गाय उलटली!

त्यामुळं भरवताना कांडीवरचा वळू नंबर आणि गायीच्या कानातला 12 अंकी बिल्ला, दोन्ही वहीत तारखेसकट लिहाच. बापाची कांडी लेकीला गेली तर 25 टक्के अंतःप्रजनन (जवळच्या रक्तातला संकर) होतं, आणि वही नसेल तर ते कळतसुद्धा नाही.

माज या दिवसांत रात्री आणि पहाटेच जास्त दिसतो, तेव्हा गोठ्यात चक्कर मारा. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, भर दुपारी नको.